पावशीऐवजी स्टेनलेसचा चाकू

४ जानेवारी. सकाळ.
पुण्याहून शाल्मलीचा फोन. कै. मंजुषाच्या वर्षश्राद्धाला ती येणार आहे. परतताना आईची पावशी (तिच्या पुण्यात विळी) घेऊन जाईन, म्हणाली. मी नकार दिला नाही. भाजी चिरण्याच्या साधनाविषयी मला कोणतीही आसक्ती नाही. तथापि पावशी साध्या लोखंडाची आहे, गंजते. आणि हल्ली खाली बसून भाजी चिरतो कोण? सबब मुलीला उच्च प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचा चाकू स्वतः तयार करून द्यावा, असे ठरविले. मग पावशी नेण्याचे प्रयोजनच उरणार नाही. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकविले आहे. हे अवघड नाही.

९ जानेवारी.
परदेशी पोलादाची पट्टी कुरियरने आली. कानशीने घासून आकार देण्यास प्रारंभ. खांदा दुखतो. दुपारी झोपलो. संध्याकाळीही.

१२ जानेवारी.
पाते हजार अंशांच्या वर तापवावे लागते. आर्वीत इतकी तापणारी भट्टी एकच: अनुपची. हा माझा जुना विद्यार्थी, कृत्रिम दात करतो. मला पाहून म्हणाला, "या सर! कवळीचं माप द्याले आले का?" हेतू सांगितल्यावर कपाळाला हात लावला. "हे दाताची भट्टी हाय सर. उद्या एखाद्याच्या दाढेले चाकूची धार आली तं लोक मले नाई सोडणार." अखेरीस संक्रांतीला या म्हणाला, त्या दिवशी दुकान बंद असते.
पाते भट्टीत मावेना. टोक कापले. लहान चाकू अधिक सोयीचा असतो.

१४ जानेवारी. संक्रांत.
तिळगूळ आणला नाही. वेळ नव्हता.
पाते हवा लागू नये म्हणून स्टीलच्या पातळ पत्र्यात गुंडाळून तापविले, बाहेर काढताच ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबून थंड केले. सरळ राहिले! अनुप म्हणाला, "भट्टी जरा जास्तच तापली वाटते सर." किरकोळ बाब.
आता गोठविणे. तापवून थंड केले तरी पोलादाचा काही अंश मऊच राहतो. तो तत्काळ गोठविल्यास कडक होतो. खरे पाहता कोरडा बर्फ हवा, तो नागपूरला मिळतो. घरचा फ्रीझर थोडेफार काम करतो, असे वाचले. घरी येऊन फ्रीझर उघडला. पाते आडवे ठेवण्यास जागा नाही. पुढेच तुरीच्या सोल्यांचा, म्हणजे ओल्या दाण्यांचा, डबा आहे, मंजुषाने मागच्या जानेवारीत सोलून ठेवलेला. स्वयंपाकाला येणाऱ्या शोभाबाई ओट्यापासून म्हणाल्या, "तो फेका न सर, वर्ष झालं त्याले. बर्फाचा गोटा झाला असन." मी म्हटले, घाई नाही.
विचारान्ती गोठविण्याची पायरी गाळली. ती ऐच्छिक असावी.

१५ जानेवारी.
पाते घरच्या नानखटाईच्या ओव्हनमध्ये दोनदा तापवून निवविले. मग कानशीची कसोटी. पाते कडक असेल तर कानस नुसती घसरते. घसरली नाही, रुतली. कानस फारच उत्तम प्रतीची असावी.

१९ जानेवारी.
मूठ बसविली. धार लावली. शोभाबाईंना प्रथम वापराचा मान दिला. त्यांनी वांगे घेतले, दोनदा दाबले, म्हणाल्या, "सर, यानं वांगं कटून नाई राह्यलं, रुसून राह्यलं." नव्या हत्याराची हाताला सवय व्हावी लागते.
रोज धार लावण्याचा संकल्प.

२० जानेवारी.
धार लावली नाही. अंथरुणातून उशिरा उठलो.

२३ जानेवारी.
काल श्राद्ध झाले. आज शाल्मलीला चाकू दिला. तिने अंगठ्याने धार चाचपली. मग कोहळे चिरायला घेतले. दुसऱ्याच फोडीला धार कागदासारखी दुमडली. ती हसली, नंतर हसणे थांबवता येईना, नंतर ते हसणे राहिले नाही. मी पाणी आणून दिले.
रात्री जेवताना मी लोखंड, गंज इत्यादी मुद्दे मांडले. ती म्हणाली, "बाबा, मी रोज तिच्यावर कांदा चिरणार आहे. तुम्ही ती नुसती ठेवून द्याल. द्याल की नाही?"


२५ जानेवारी.
पावशी मीच जुन्या सुती साडीत गुंडाळून दिली. हा निर्णय सर्वस्वी माझा. बस वेळेवर सुटली. चाकूही नेते म्हणाली. मी दिला नाही. त्यात सुधारणा करावयाच्या आहेत.

२७ जानेवारी.
सुधारणा पुढे ढकलल्या. यापुढे हातानेच मोडता येतील अशा भाज्या आणाव्यात, असा नियम केला. शोभाबाई रजेवर. बाजारातून मेथी आणली. मंजुषा मेथीची पाने तेवढी घेत असे की कोवळे देठही, हे आठवत नाही. शाल्मलीला फोन करून विचारता येईल. परंतु माझे पावशीवाचून अडले, असा तिचा गैरसमज व्हायचा.
जुडी तशीच ओट्यावर आहे. दूध प्यायलो.