बोटांची मापं

आटपाडी

प्रिय पल्लवी,

अकरा कडबाकुट्ट्या, चार उसाचे चरक, तेवीस ट्रॉल्या, पतपेढीचं शटर आणि पायाने अधू असलेल्या सिद्धूची तीनचाकी. एवढं मी या हातांनी बनवलं. शिक्षण सातवी, कामाचा नकाशा कधी दुसऱ्याकडून काढून घेतला नाही. सांगायचं कारण, चैत्रापासून हे हात मला माझे वाटत नव्हते. आणि याच हातांनी मी तुझ्या मुलीला धरलं होतं.

चैत्रात ग्राइंडरचं चाक फुटलं. तुकडा कानापासून चार बोटांवरून गेला आणि मागच्या पत्र्याला भोक पडलं. मला खरचटलंही नाही. मी झाडून घेतलं, नवं चाक बसवलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र सगळं वेल्डिंगच्या काचेतून बघितल्यासारखं झालं. हात काम करायचे, मी लांबून बघायचो. तुझी आई म्हणायची, "आवं, कवाधरनं बोलतीया, हाय का न्हाई तुमी?"

बारशाला फलटणला आलो तेव्हा हे असं होतं. राजनंदिनीला मांडीवर दिलंस आणि मला दिसलं, कुणा परक्याच्या हातांत बाळ आहे. ते पाडतील असं वाटलं. अर्ध्या मिनिटात परत दिलं. तुझा चेहरा बघितला मी. नंतर आईला फोनवर काय म्हणालीस तेही कळलं. "मुलगी झाली म्हणून आप्पांचं तोंड उतरलं." तेव्हापासून फलटणला आलो नाही.

मी माझ्या पद्धतीने उपाय केला. रोज सकाळ-संध्याकाळ व्हर्नियरने, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या मापकाने, दहाही बोटं मोजून वहीत लिहिली. उजवी तर्जनी, १९.४ मिलिमीटर. मापं जुळायची, हात परकेच राहायचे. शेवटी तुझ्या आईने सांगलीला मानसोपचाराच्या मॅडमकडे नेलं. त्या म्हणाल्या, याला विलगता म्हणतात. जबर भीती बसली की मेंदू विजेच्या एमसीबीच्या खटक्यासारखा पडतो. मोटार जळालेली नसते. इथवर पटलं. मग म्हणाल्या, "काका, हे मोजणंच बंद करायचंय. तपासताय म्हणून ते टिकतंय." मला राग आला. मोजमापात मला कुणी शिकवायचं नाही. त्या हसल्या, म्हणाल्या, मग मोजूनच बघा. एक दिवस तासातासाला बोटं मोजायची, दुसऱ्या दिवशी अजिबात नाही, आणि परकेपणाला शंभरपैकी मार्क द्यायचे. मोजलं त्या दिवशी ऐंशी. न मोजलेल्या दिवशी पस्तीस. चार वेळा करून बघितलं, फरक तेवढाच. आकड्यांशी मी भांडत नाही. व्हर्नियर पेटीत ठेवला. 'हे हात बाळ पाडतील' या विचारापुढे मॅडमनी पुरावा लिहायला लावला. तासभर बसलो, एक ओळ सुचली नाही. आतापर्यंत काय काय पाडलं, याची यादी कोरी निघाली.

पूर्ण गेलेलं नाही. अजून वीसच्या आसपास असतं. टाळलं की वाढतं, हे आता कळलंय. मुलगी म्हणून तोंड उतरलं नव्हतं, पल्लवी. जावईबापूंना, जयरावांनाही सांग. येत्या सोमवारी मी आठ दिवसांसाठी येतोय. जमिनीवर बसेन, राजनंदिनीला मांडीवर घेईन आणि हात परके वाटले तरी परत देणार नाही. तुला चालेल का, एवढंच विचारायला हे लिहिलं. त्याच आठ दिवसांत एका साखर कारखान्याने गाळपाआधीच्या दुरुस्तीचं काम देऊ केलं होतं. साठ हजार. मी नाही म्हणून कळवलं.

तुझाच,
आप्पा