अखाजीचा झोका आणि खवलेकीड

देवपूर, धुळे
चैत्र वद्य सप्तमी, शके १८६०

ती. सौ. मंजुळाअक्कास,
मु. बोदवड

धाकट्या शालिग्रामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात भिंग आहे, म्हणून जोडणी जरा वाकडी झाली असेल; सांभाळून घे.) तुझी पाठ आता कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? सासूबाईंना माझा दंडवत सांग आणि त्यांनी दिलेलं कैरीचं लोणचं संपलं हेही सांग, पण दंडवताच्या आधी सांगू नकोस. इकडे आम्ही सुखरूप आहोत. तुझी भावजय प्रमिलाही ठणठणीत आहे, फक्त गेले पाच दिवस माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

मी सरकारी शेतीखात्यात किडे तपासतो, हे तुला ठाऊक आहेच. (नाना अजून गावात "पोरगा साहेबाकडे आहे" एवढंच सांगतात.) तर गेल्या वैशाखात अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेली तू अखाजी करून बोदवडला परत गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भडगावला आपल्या अंगणातल्या कडुनिंबाखाली खाट टाकून पडलो होतो. सहज वर पाहिलं तर पूर्वेकडच्या फांदीवर तिळाएवढ्या पांढुरक्या खपल्या. चढलो, भिंग लावलं, आणि अक्का, हातातून फांदीच सुटायची राहिली. ती खवलेकीड होती, आणि अशी खवलेकीड मी नऊ वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती. जो निंब बाकीच्या किडींना पळवून लावतो, त्याच्याच अंगावर ही बया खुशाल बसलेली! पण धड अशा तीनच होत्या. बाकीच्या कशाने तरी घासून गेल्या होत्या. (कशाने, ते आत्ता नको.)

ही खवलेकीड मोठी मजेदार. मादी जन्मली की चार पावलं चालते, चांगली जागा बघून सालीत सोंड खुपसते, आणि तिचा प्रवास संपला. पाय गळून जातात, पंख तर तिला कधी नसतातच. अंगावर मेणाचं खवलं ओढून घेते आणि मरेपर्यंत तिथून हलत नाही. नराला पंख असतात, पण तोंड नसतं. दोन दिवस उपाशी उडतो आणि मरतो. (हे दाजींना वाचून दाखवू नकोस, उगाच मनाला लावून घेतील.)

आता हिची जात ठरवायची कशी? पाव्हणा दारात आला तर त्याचं गाव-कूळ तोंडाने विचारता येतं. हिचं कूळ मागच्या टोकावरच्या काट्यांवरून काढावं लागतं. खवल्याखालून मादी अलगद उचलायची, पोटॅशात उकळायची, आतलं सगळं विरघळलं की उरलेली कातडी धुऊन, गुलाबी रंगवून काचेवर चिकटवायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काटे मोजत बसायचं. कचेरीतली शेगडी बिघडलेली, म्हणून हा उद्योग मी घरी केला. पहिली मादी पोटॅशात अशी विरघळली की तिचा मागमूस राहिला नाही. दुसरी काचेवर ठेवत होतो तोच प्रमिलेने दारातून विचारलं की ते दुधाचं पातेलं आहे का, आणि माझा हात हलून मादीचं नेमकं मागचं टोक तुटलं. तिसरी साधली. पातेलं मी राखेने सात वेळा घासलं होतं, तेव्हा ते प्रकरण मिटलं असं वाटलं. पण गेल्या आठवड्यात सरावासाठी कागदी लिंबावरच्या साध्या खवलेकिडी पुन्हा त्याच पातेल्यात उकळल्या. हे ते पाच दिवस.

ती तिसरी मादी मी पुण्याच्या साहेबांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं. म्हणाले, हिचे काटे आजवरच्या कुठल्याच वर्णनात बसत नाहीत, बहुधा नवीन जात आहे. पण एका मादीच्या भरवशावर आपण वर्णन छापणार नाही. वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास, अंगाखाली अंडी धरलेल्या वीस माद्या सालीसकट हव्यात. शिवाय दुसऱ्या प्रांतातल्या कुणा गृहस्थालाही निंबावर असंच काहीतरी सापडलं आहे, आणि आधी छापेल त्याची जात. अक्का, नऊ वर्षांत माझ्या नावावर बोंडअळीच्या एका तक्त्याखालची सही आहे, तीही चुकीच्या जागी. ही एक गोष्ट माझ्या हातून व्हावी असं मला फार वाटतं. तुझ्यापाशी काय लपवायचं?

म्हणून मी दुसरे निंब शोधायला निघालो. धुळ्यापासून भडगावपर्यंत दोनशे अकरा निंब पाहिले. एका गावात अभिमन पाटलांच्या अंगणाबाहेर मान वर करून उभा होतो. अंगणात पोरी आतापासूनच झोके घेत होत्या, हे मला खरंच दिसलं नव्हतं. पाटील शांतपणे म्हणाले, "काय दखी ऱ्हायनात भाऊ?" मी म्हटलं, निंब. त्यांनी ओळखलं की मी मुलगी पाहायला आलो आहे आणि लाजतो आहे. आत नेलं, चहा झाला, पोहे झाले, नोकरी कोणती ते विचारून झालं, मुलगी येऊन पाटावर बसली. तेव्हा मी सांगितलं की माझं लग्न झालेलं आहे. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण आवाज वेगळा होता. माझी छत्री अजून तिथेच आहे. आणि त्या दोनशे अकरांपैकी एकावरही ही कीड नाही.

आपल्या फांदीवर मात्र यंदा त्रेचाळीस आहेत! मी स्वतः दोनदा मोजल्या. फांदी तोडून आणता येत नाही, कारण रस सुकला की अंडी धरायच्या आधीच त्या वाळतात. नानांनी मोठ्या हौसेने शेजारच्या भिकनला पाहायला बोलावलं. त्याने विचारलं, ही हलते कधी? मी म्हटलं, कधीच नाही. तरी तो म्हैस पिळायच्या वेळेपर्यंत बघत बसला आणि उठताना म्हणाला, "मंग हाई ते मरेल शे." तेव्हापासून नाना कुणाला बोलावत नाहीत.

बाकी विशेष काही नाही. हे आपलं सहज लिहिलं. दाजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा गुणी भाऊ
शालिग्राम

ता. क. सहजच सुचलं. यंदा अखाजीला झोका पश्चिमेच्या फांदीला बांधला तर? ती उकिरड्यावर येते हे खरं, पण उकिरडा मी स्वतः हलवीन. दोराची एक घासणी, आणि माझ्या त्रेचाळीसही गेल्या. आईपाशी हा विषय काढला, तर ती म्हणाली, "आंडेरना झोका नही, ते मंग अखाजी कसानी?" आणि लेकीचा, म्हणजे तुझा, झोका पूर्वेलाच हे तिचं ठरलेलं आहे. तू होऊन म्हणालीस तर मात्र ती ऐकेल. मी लिहिलं हे सांगू नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी प्रमिलेने पत्र वाचलं. पाच दिवसांनी बोलली ती एवढंच बोलली, "अक्कांना वर्षात माहेरचे चार दिवस मिळतात. तेही त्या किड्याला देणार का तुम्ही?" मला माझीच लाज वाटली. वरची ता. क. रद्द समज. कचेरीतल्या गिरधर शिपायाबरोबर नवा दोर भडगावला धाडला आहे आणि पूर्वेलाच बांधायला सांगितलं आहे. साहेबांना कळवतो की यंदा माद्या मिळाल्या नाहीत.

शेवटची ता. क. एक सांगायचं राहिलं. जात नवी ठरली तर नाव काय द्यावं, असं साहेबांनी विचारलं होतं. मी तुझं नाव कळवलं आहे. तुला बोदवडच्या गाडीत बसवताना दर वर्षी मी तिकिटाच्या निमित्ताने बाजूला जातो, ते का, हे तुला माहीत आहे. जगात एक तरी मंजुळा असावी, जिला भडगावच्या अंगणातून कुणी कुठे पाठवणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं. (हे वाचून डोळ्यांत पाणी आलं असेल, तर पश्चिमेची फांदीही मजबूत आहे. मी लोंबकळून पाहिली आहे.)