टायसनवरची आठ कडवी

इंदिरानगर, नाशिक

प्रिय रोहिणी बाळ,

फोनवर तुझा आवाज आला की मी गोड बोलत सुटतो, म्हणून हे लिहून पाठवतोय. लासलगावच्या जनावरांच्या दवाखान्यात दिवसभर उभी असतेस तू. रात्री दमलेल्या लेकीला बापाने काय काय सांगावं? पण सांगायचं राहिलं, ते आता नासलंय.

समोरच्या बिल्डिंगमधल्या राजचा टायसन तुला आठवत असेल. नाव पहिलवानाचं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात असं कुत्रं. मे महिन्यात मी तुला फोन केला होता, की गॅलरीत हातभर साखळीला भर उन्हात बांधतो, पाण्याचं भांडं कोरडं असतं, आणि भुंकला की पोछ्याच्या दांड्याने मारतो. तू तेव्हा पेशंट तपासता तपासता मला बजावलंस. आप्पा, त्याच्याशी भांडू नका. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, तो सावध होईल आणि हाल कुत्र्याचे होतील. तारीख, वेळ लिहा. पाहिलं तेवढंच लिहा, वाटलं ते नको. आपल्याच गॅलरीतून फोटो काढा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जीव जाईल असं दिसलं तर थांबू नका, ११२ लावा.

चार दिवस मी अगदी तसंच केलं. नोटप्रेसमध्ये पस्तीस वर्षं नोंदी ठेवलेला माणूस मी, मला काय जड होतं? पण पाचव्या दिवशी ‘दुपारी पावणेदोन, भांडं कोरडं’ असं लिहिलं आणि त्याच्या खाली आपोआप दुसरी ओळ आली. तिला यमक होतं. बाळ, माझा हात तिथून सुटला. चौथीच्या वर्गात गुरुजी कविता चालीवर म्हणायचे, आम्ही पोरं डोलायचो, बाहेर चिंचेखाली ऊन हलायचं. मला ती शाळा दिसायला लागली. तुला सायकलच्या दांडीवर बसवून त्याच कविता म्हणत मी शाळेत सोडायचो, आणि तुझी आई चांगुणा दारातून ओरडायची, “अहो, पोरगी पडेल, गाणं नंतर!” आज ती असती तर तिने वहीच ओढून घेतली असती.

आठ कडवी झाली. रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, ‘दुसऱ्या मजल्यावरचा टायसन’. दुपारपर्यंत एक्केचाळीस टाळ्या. शेजारच्या मंगलाबाईंनी लिहिलं, ‘आप्पा, डोळ्यात पाणी आलं.’ मी जेवता जेवता मोबाईल बघत होतो. गॅलरीकडे दिवसभरात एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी साखळी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी राज गेटवर भेटला. म्हणाला, “गावी शेतावर सोडला, मजेत आहे. काका, पुढची कविता मांजरावर करा!” चार जण हसले. मीही हसलो. त्याच रात्री तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, शेतावर आहे, मजेत आहे, सोसायटीनेच मिटवलं. तू म्हणालीस, “शाब्बास आप्पा.”

पंधरा दिवसांनी जिना झाडणारी लंकाबाई थांबली. “आप्पा, लय भारी लिहिलं म्हणतात तुम्ही. पण ते कुत्रं कुठं हे, ठावं हे का?” तिच्या भावाची हायवेला चहाची टपरी आहे. त्याच रविवारी संध्याकाळी राजने तिथे टायसनला गाडीतून उतरवलं होतं. भाऊ तिला न्यायला इथे येतो, म्हणून त्याने राजची पांढरी गाडी ओळखली, कुत्र्याच्या गळ्यातला लाल पट्टाही ओळखला. दोन दिवस ते कुत्रं प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे पळत होतं. तिसऱ्या दिवशी ट्रकखाली आलं. तेव्हा तरी मी तुला फोन करायला हवा होता. नाही केला.

गेल्या गुरुवारी राजने नवं पिल्लू आणलं. साखळी तीच, गॅलरी तीच. या वेळी मी तारखा, फोटो घेऊन ठाण्यात गेलो, पोच घेतली. काल पोलीस जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले होते. पिल्लू अजून राजकडेच आहे, त्याच्या अंगावर अजून खूण नाही. आधीच्या कुत्र्याचं विचारलं तर राज म्हणाला, शेतावर मजेत आहे, इंदिरानगरात कुणालाही विचारा. खरंच, सगळे तेच सांगतात. लंकाबाईचा भाऊ यायला तयार आहे. पण साहेबांनी मला विचारलं, “तुम्हाला मे महिन्यातच माहीत होतं, मग तेव्हा का नाही आलात?” मी म्हणालो, कविता लिहिली. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

जबाबात मी तुझं नाव दिलंय. दोन-चार दिवसांत तुला फोन येईल. बापाची लाज राखायला जाऊ नकोस. मेमध्ये मी काय सांगितलं, तू काय करायला सांगितलंस आणि नंतर मी तुझ्याशी काय खोटं बोललो, सगळं तारखेनिशी सांग. राज जे खोटं त्यांना सांगतोय तेच मी तुला सांगितलं होतं, शब्दही तेच. तू मला झाकलंस तर त्याचंही झाकलं जाईल, आणि ते पिल्लू तिथेच राहील.

तुझ्यापुढे खोटा पडलेला, तरी तुझाच,
आप्पा