थोरलीखालची माती

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वरून हिरवंगार आणि मुळाशी कुजलेलं रोप गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणं, याला फसवणूक म्हणायचं की नुसती आशा? आपल्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली, पण याचं उत्तर मला येत नाही. म्हणून तुला लिहिते आहे. अप्पा जगात फक्त तुझंच ऐकतात, थोरली बहीण म्हणून.

पाऊस अजून उघडलेला नाही. जास्वंदी मजेत आहेत, गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके आलेत. आईने कपडे वाळवायला स्वयंपाकघरात दोरी बांधली आहे, त्यामुळे जेवताना अप्पांच्या डोक्यावर त्यांचाच सदरा ठिबकतो. निदान एकाला तरी या घरात वेळेवर पाणी मिळतं, असं ते म्हणाले. हसण्यासारखी तेवढी एकच गोष्ट.

थोरली आजारी आहे. तुझ्या जन्माच्या वर्षी आजोबांनी लावलेलं लिंबाचं झाड, ज्याच्या फांद्यांवरचे डोळे घेऊन आपल्या रोपवाटिकेतलं प्रत्येक कलम होतं, त्याच्या बुंध्याची साल मातीलगत तडकली आहे आणि तिथून डिंक गळतो आहे. याला डिंक्या म्हणतात. हा रोग मातीत राहतो आणि ओलीबरोबर पसरतो. आता आपली रीत आठव. नव्या पिशवीत रोप लावताना थोरलीखालची ओंजळभर माती घालायचीच, म्हणजे कलमाला माहेर तुटल्यासारखं वाटत नाही. आत्या, आपण आपल्या हाताने प्रत्येक पिशवीत रोग घातला आहे. मी काही पिशव्या फोडून पाहिल्या. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. पानं मात्र अजून हिरवी आहेत.

ती सगळी कलमं एका निवृत्त बसचालकाने सांगून ठेवली आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवलं, आता एका जागी बसून झाडं वाढवणार म्हणतात. दर आठवड्याला येऊन रोपांना बघून जातात. इतके शांत प्रवासी आपल्याला कधी मिळाले नव्हते, असं परवा सांगत होते. गेल्या दोन्ही खेपांची आपली रोपं लोकांकडे जाऊन वाळली, तेव्हापासून फाटकाशी फिरकणारे ते एकटेच.

अप्पांना मुळं दाखवली. ते म्हणाले, पावसाने मुळं नाजूक होतातच, ऊन पडलं की सावरतील. मी पुन्हा बोलले तेव्हा उठून गेले. ही कलमं त्यांची शेवटची आहेत, हे तुला कुणी कळवलंय का? त्यांच्या हातांचा कंप कमी होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मनगट गुडघ्याला टेकवून, श्वास रोखून त्यांनी एकेक डोळा भरला. त्यांना मी काय सांगू? तूच सुचव.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी भाची


११ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पहिल्या खेपेला राग आला, दुसऱ्या खेपेला जास्त आला.

ती माती माझ्या वडिलांची रीत आहे. मी लग्न होऊन निघाले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली त्याच मातीचा डबा होता. सासूबाईंना वाटलं दागिने आहेत. उघडून पाहिलं तेव्हा त्यांचं तोंड जे वाकडं झालं ते शेवटपर्यंत सरळ झालं नाही! त्या मातीवर मी इथे गच्चीत कुंड्या फुलवल्या. शेजारणींना रोपं दिली तर तीच माती चिमूट चिमूट घालून दिली. तिच्यात रोग आहे असं म्हणतेस, तर मग इतकी वर्षं काय झोपला होता का तो?

इथेही ऊन नाही. लिंबाच्या दोन्ही कुंड्यांची पानं शिरेजवळ पिवळी पडलीत खरी. पण माझे गुडघे धरलेत, महिनाभर धड गच्ची चढले नाही, म्हणून रुसली असतील. झाडालाही माणूस लागतं.

धाकट्याचे हात थरथरतात हे मला कुणी कळवलं नव्हतं. लहानपणी तो पतंगाचा फाटलेला कागद असा चिकटवायचा की जोड दिसायचा नाही. तू शिकलीस याचा मला अभिमान आहे, गल्लीत पेढे मीच वाटले. पण बापापुढे पुस्तक उघडून बसू नकोस. पाऊस थांबू दे.

आईला सांग, ओले कपडे चुलीजवळ नको.
तुझी आत्या


१७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

इतकी वर्षं तो रोग झोपला होता की नुकताच कुठून आला, हे मला ठाऊक नाही. आपल्याकडे एवढा पाऊस कधी साचला नव्हता, एवढं ठाऊक आहे. तुझ्या पिवळ्या पानांबद्दल वाचून मात्र लगेच लिहायला बसले. शिरेजवळून पिवळी पडतात ती गुडघ्यांमुळे नाही, आत्या. एक कुंडी उपटून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मुळावर ठेव.

थोरलीच्या बुंध्याला मोरचूद आणि चुन्याचा लेप लावला. रात्रीच्या पावसाने धुऊन गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. आई छत्री धरून उभी राहिली, मी लावत राहिले. छत्री झाडावर आणि आम्ही दोघी भिजतोय, असं दृश्य. वाटेने जाणारा टपालवाला थांबून हसला आणि मला एकदम रडू फुटलं.

बसचालक काल आले होते. त्यांनी खड्डे स्वतः खणले आहेत, तळहाताचे फोड दाखवत होते, लहान मूल बक्षीस दाखवतं तसे. त्यांची जमीन कोरी आहे. आपली एक पिशवी तिथे गेली, तर रोप मरेल ते मरेल, पण माती वर्षानुवर्षं नासेल. तिथे पुन्हा लिंबू लावायची सोय राहणार नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी बोलले असते. विनवणी होती. मी भांडी विसळायला आत निघून गेले.

आज आई म्हणाली की एवढी खेप गेली की आपण रोपवाटिका बंदच करू, मग कुणाला काय कळणार आहे. माझी आई, जी भाजीवालीला चुकून आलेलं एक जास्तीचं वांगंही परत करते. मला आता घरात कुणाच्या तोंडाकडे बघायचा धीर होत नाही.

लवकर लिही. लोभ आहे हे एकदा लिहून पाठव, मला सध्या ते वाचायला हवं आहे.
तुझी भाची


२३ ऑगस्ट

चि. लेकरा,
अ. उ. आ. आणि खूप खूप लोभ.

कुंडी उपटली. दोन्ही उपटल्या. तू लिहिलंस तसाच नुसता दोरा राहिला हातात. मग गुडघे चोळत शेजारणीकडे गेले. तिची दोन झाडं कधीच वाळलेली, मला वाईट वाटेल म्हणून तिने सांगितलं नव्हतं. मीच दिलेली माती होती ती. घरी येऊन सारखे हात धूत बसले.

तू खरी आहेस. आता माझं ऐक. धाकटा मोडेल. तो लहानपणापासून तसाच आहे, वरून हसरा आणि आतून काचेचा. त्याच्या हातचं शेवटचं काम तू त्याच्यासमोर मातीत घालू नकोस. रोपं जातील त्या बसवाल्याकडे तर जाऊ दे. दुसरीकडून चांगली रोपं आणून पुढच्या वर्षी त्याला बदलून देऊ, काहीतरी सांगू. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण भाऊ एकच आहे मला.

निदान मी येईपर्यंत थांब. पुढच्या आठवड्यात शेजारणीच्या मुलाला सोबतीला घेऊन गाडीत बसते. मी त्याच्याजवळ बसले की मग जे करायचं ते करू. थांब गं.

तुझी आत्या


२७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र आज पोचलं. मी थांबले नाही.

परवा सकाळी बसचालक टेम्पो ठरवल्याचं सांगायला आले. अप्पा पिशव्यांना दोरे बांधत होते. मी एक पिशवी फोडली, मूळ ओढलं आणि उरलेला दोरा बसचालकांच्या हातात दिला. ही रोपं नेऊ नका, तुमची जमीन जाईल, एवढंच म्हटलं. त्यांनी अप्पांना विचारलं की हे खरं का. अप्पांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, मुलगी शिकलेली आहे, तिला माहीत असणार. बसचालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फोड आलेले हात खिशात घालून निघून गेले.

पाऊस थांबला होता. मी शेडमधली कोरडी लाकडं काढून पेटवली. एकटीच पिशव्या फोडत होते, थोड्या वेळाने आई आली आणि दुसऱ्या टोकापासून फोडू लागली. लिंबाची पानं जळताना किती छान वास येतो, हे मला माहीत नव्हतं. कळलं नसतं तर बरं होतं. अप्पा पायरीवर बसून बघत होते. मध्येच उठले, एक कलम उचललं, पट्टी सोडून डोळ्याचा जोड अंगठ्याने चाचपला. छान बसलाय, म्हणाले. खरंच छान बसला होता, आत्या. थरथर कुठे दिसत नव्हती.

ते कलम घेऊन ते आत गेले. मी अडवलं नाही. त्यांनी ते पितळेच्या तांब्यात लावून खाटेशेजारी खिडकीत ठेवलं. कालचा दिवस ते त्याच्याकडे तोंड करून पडून होते. जेवले नाहीत, माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली की एक राहू दे, एकाने काय होतं. पण त्या तांब्यात साचलेलं पाणी ते खिडकीखालच्या गुलाबांना ओततात, आणि त्या गुलाबांपलीकडे शेजाऱ्यांची बाग सुरू होते.

तू जरूर ये. माझी बाजू घ्यायला नको, त्यांच्याजवळ बसायला ये. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते मला बघितल्यावर ठरव.

आज दुपारी त्यांना डोळा लागला तेव्हा मी तांब्यातलं कलमही उचललं आणि जाळलं.

तुझी भाची