बरणीतला कापूस

मानवत, ९ जानेवारी १९५७, संध्याकाळ

वहिनीनं माझी बरणी रिकामी केली. पाच दिवस शेतं तुडवून न उकललेली बोंडं जमवली, आतला ओला कापूस पाण्यात ठेवला. तो एकदा वाळला की धाग्यातल्या स्फटिकांची रचना बदलते, पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. मुंबईला क्ष-किरणांनी मला नेमकी तीच तपासायची होती. आणि हिनं तो माळवदावर उन्हात पसरला.

दादासमोरच तिच्यावर ओरडलो. "वल्ला कापूस सडंल वाटलं, भावजी," एवढंच म्हणाली. पण बरणीला हात लावायच्या आधी विचारायचं तरी. आता झाडावर हिरवं बोंड उरलेलं नाही. वर्ष गेलं.

अजून धुमसतोय. रिकामी बरणी समोरच आहे. तिच्यावर 'वाळवू नये' ही चिठ्ठी मीच चिकटवलेली. इंग्रजीत.