समोरच्या काकूंचा डबा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एकही डिसेंबर तू मला सुखाने बसू देत नाहीस. कारण तो डबा. निळा, गोल, झाकणावर बर्फातलं घर आणि एका बाजूला पोचा. आपण अमेरिकेत, ट्रॉयला राहायला आलो त्या पहिल्याच थंडीत समोरची स्विस बाई कागदी प्लेटमध्ये लेकर्ली घेऊन आली होती. तिच्या माहेरची नाताळातली मधाची बिस्किटं, बदाम आणि संत्र्याची पाकवलेली साल घातलेली. तू दारातच विचारलंस, ‘एग?’ ती म्हणाली, ‘नो एग, नो बटर.’ झालं, तेवढ्यावर तुमची मैत्री ठरली. बाबांनी एक तुकडा चावून पाहिला आणि म्हणाले, ‘हे दातांनी खायचं की हातोडीने?’ तू मात्र ‘मधाची वडी आहे, मुरली की मऊ पडेल’ असा निकाल देऊन मोकळी झालीस. त्यात चेरीची दारू असते हे तुला कळलं, तेव्हा पुण्याहून आलेली आजी रोज दुपारी चहाबरोबर दोन-दोन खात होती. ‘भाजताना उडून जाते गं,’ असं मला कुजबुजत सांगितलंस आणि आजीला अक्षरानेही बोलली नाहीस. नियम दुसऱ्यांसाठी कडक आणि स्वतःसाठी लवचीक, हे तुझं पहिल्यापासूनच.

दर दिवाळीला तो डबा फराळाने भरून समोर जायचा आणि नाताळात लेकर्लीने भरून परत यायचा. नेणारी अर्थात मी. अमेरिकेत येऊन तू मला त्या बाईला काकू म्हणायला लावलंस, आणि तीही बिचारी त्या हाकेला ओ द्यायला लागली. माझ्या मैत्रिणी गाडीत वाट बघत बसलेल्या असायच्या आणि मी चकल्यांचा डबा छातीशी धरून रस्ता ओलांडतेय. हायस्कूलमध्ये असताना एकदा तुला म्हटलं, ‘तिचाच डबा आहे ना? मग एकदा देऊन टाक आणि संपव की! त्यांना आवडत पण नसेल, दे आर जस्ट बीइंग पोलाइट.’ तू पोळी लाटत होतीस. लाटणं थांबलं. ‘दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. हात हलवत कुणाच्या दारात जायला आपण काय वसुलीवाले आहोत?’ एवढं बोलून मला रस्त्यावर पिटाळलंस, आणि अर्ध्या तासाने ‘डबा पोचला का बघून येते’ म्हणून स्वतःच कोट चढवून गेलीस. डबा पोचला का, हे बघायला तुला दर वेळी दोन तास लागायचे.

तू गेलीस तेव्हा वाटलं, आता हे प्रकरण मिटेल. कसलं मिटतंय! त्याच नाताळात काकू स्वतः डबा घेऊन दारात उभ्या. मग मी बाबांसाठी याच घरात राहिले, बाबाही गेले, आणि डबा माझ्या गळ्यात पडला. मला चकली येत नाही, बेसनाचे लाडू बसतात. इंडियन स्टोअरमधली काजू कतली आणून डब्यात ओतायची, काकूंची बेल वाजवायची, ‘हॅपी दिवाळी’ म्हणायचं आणि पळायचं. यंदा तेवढंही झालं नाही. ऑफिसात प्रॉडक्ट लाँच, घरी मुलीच्या कॉलेजचे अर्ज. दिवाळी कशी आली, कशी गेली, कळलं नाही. डबा फ्रिजवर तसाच. आणि गेल्या आठवड्यात कळलं की काकूंनी घर विकलं, शनिवारी त्या मुलाकडे शुगर लँडला जाणार, कायमच्या. या वयात, सगळं आयुष्य बर्फात काढून, टेक्सासच्या उकाड्यात! मी लेकीला म्हटलं, डबा परत द्यायचाय आणि घरात भरायला काही नाही. ती फोनमधून मान न काढता म्हणाली, ‘मॉम, जस्ट गिव्ह इट बॅक. इट्स अ टिन.’ मला पटलं. त्यांना साखरेचा त्रास, घरभर खोकी, त्यात तुझा फराळ कशाला? त्यांची वस्तू त्यांना दिली की सुटलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी रिकामा डबा घेऊन रस्ता ओलांडला.

काकूंनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. मागे ओट्यावर लेकर्ली कापून, वर कापड घालून ठेवलेली. ‘तीन आठवडे झाले करून. डबा आला की भरायच्या म्हणून थांबले होते,’ त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, ‘सॉरी काकू. यंदा राहून गेलं. म्हटलं, निदान तुमचा डबा तरी तुम्हाला द्यावा.’

‘माझा?’ त्या चक्क हसल्या. ‘अगं, हा तुझ्या आईचा डबा. मी पहिल्यांदा कागदी प्लेट आणली, तर तिने यात पिवळे लाडू भरून पाठवले. मी डबा परत केला तर म्हणाली, नो नो, युवर्स. मी म्हणायचे तुझा, ती म्हणायची तुझा. मग मी वाद घालणं सोडलं.’

आई! तुझा डबा होता! माझी अख्खी शाळा मी तुझाच डबा तुझ्याच खोटेपणापायी पोचवत फिरले, आणि तू शांतपणे पोळ्या लाटत होतीस? ‘आईने असं का केलं असेल?’ मी काकूंना विचारलं. त्या डब्यात लेकर्ली रचत होत्या. ‘तिला तेव्हा ड्रायव्हिंग येत नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘मलाही नव्हतं येत.’

सरळ सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? आई, मला इथे एकटं वाटतं, मी जरा समोर जाऊन बसते. एवढंच वाक्य होतं. मी चिडले नसते. म्हणजे चिडले असते, पण डबा नेला असता. त्या दिवशी काकूंनी भरलेला डबा माझ्या हातात दिला, ‘आता हा घरी पोचला,’ म्हणाल्या आणि मला जवळ घेतलं. शनिवारी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन गेला. समोर आता दिवा लागत नाही, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहिले की मला ते सहन होत नाही. या रस्त्यावर तुला ओळखणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकणार, तुझ्या पत्त्याची बोंब आहे. पण एक सांगते. रविवारी मी बेसन भाजलं. जरा करपलं, लाडू बसलेच, तरी डब्यात भरले. काल पोस्टात जाऊन पार्सल शुगर लँडला पाठवलं. आत चिठ्ठी घातली, ‘काकू, तुमचा डबा चुकून माझ्याकडे राहिला होता.’