‘भागीरथी’ची वाकडी अक्षरे

प्रिय रामोन,

तुम्ही हे जग सोडून गेल्याला पाच महिने झाले. एवढा उशीर मला शोभत नाही, हे मला मान्य आहे. आज लिहिण्याचे कारण म्हणजे मंगळवारी मेक्सिकोहून तुमच्या बहिणीचा संदेश आला. तिथे तुमच्या कामाचे प्रदर्शन भरले आहे. नाटकांची भित्तीपत्रके आहेत, पुस्तकांची मुखपृष्ठे आहेत आणि एका भिंतीवर पूर्णगडच्या ‘भागीरथी’ होडीचे मोठे छायाचित्र आहे. तिने एवढेच विचारले आहे, की तुम्ही रंगवलेली ती अक्षरे अजून आहेत का?

त्या दिवशी खरे उत्तर होते, ‘या आठवड्यापुरती’.

कारण आदल्याच दिवशी ‘भागीरथी’चे मालक यशवंतदादा माझ्या छपाईच्या दुकानात आले होते. होडी किनाऱ्यावर ओढलेली, नारळी पौर्णिमेआधी रंग द्यायचा. म्हणाले, "शेट, तुमच्या त्या पाव्हण्याची अक्षरा आता पुरे. कॉम्प्युटरवर सरळ करून स्टिकर मारा. होडीत चढताना पोरा हसतात वो, म्हणतात तुमची होडी पिऊन चालल्ये."

आणि मी काम घेतले. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

तुम्ही एका महिन्यासाठी आला होता ना? तुमच्या शहरातली हाताने रंगवलेली अक्षरे संपत चालली, म्हणून इथल्या होड्यांवरची पाहायला. मग अकरा हिवाळे येत राहिलात. इथे जवळच भाट्याला दोन खोल्या घेतल्यात. देवनागरी वाचता येण्याआधी तुम्हाला ती काढता येऊ लागली. माणसांचे चेहरे काढावेत तशी. दुपारी चार वाजता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून तुम्ही कागद पुढे करायचात, मी पट्टी लावून चूक दाखवायचो आणि तुम्ही चहा ढवळत मला ‘पट्टीसाहेब’ म्हणायचात. त्या नावाने मला हाक मारणारे तुम्ही एकटेच होता.

ती खुर्ची मी हलवलेली नाही. हलवण्याची गरजच पडली नाही. गिऱ्हाईके आता मजकूर फोनवर पाठवतात आणि आलीच, तर उभ्याउभ्या बोलून जातात.

आंब्याच्या पेटीवरच्या लेबलाबद्दलही आज लिहिले पाहिजे. तुमच्या हातची अक्षरे मी न विचारता कॉम्प्युटरवर सरळ केली, छापली आणि तुमचा मूळ कागद रद्दीत टाकला. तुम्ही छापील लेबल बराच वेळ पाहिलेत. मग म्हणालात, "चांगलं आहे. पण हे कोणी लिहिलं?" चहा नेहमीसारखा घेतलात. मात्र त्यानंतर छपाईसाठी एकही कागद माझ्याकडे आणला नाहीत. रागावला का नाहीत? रागावला असता तर मला क्षमा मागता आली असती.

पुढचे सगळे हिवाळे तुम्ही होड्यांना दिलेत. "एकदा पूर्णगडला चला," असे दर वर्षी म्हणालात. दुकान बंद ठेवता येत नाही, असे मी दर वर्षी सांगितले. फळीजवळून घेतलेल्या तुमच्या छायाचित्रांतली अक्षरे कलती आहेत, हे मात्र न चुकता दाखवून दिले. तुम्ही हसून म्हणायचात, "पट्टीसाहेब, तुम्ही फार जवळून बघता." मला ती पळवाट वाटे.

काल स्टिकरचे माप घ्यायला मी पूर्णगडला गेलो. अकरा वर्षांत जे जमले नाही, ते तुमची अक्षरे काढून टाकण्यासाठी जमले!

फळीवर पट्टी लावली. ‘भा’ वर चढलेला, ‘थी’ दोन सूत खाली, वेलांटी माशाच्या शेपटीसारखी मागे वळलेली. सगळे आकडे वहीत लिहिले. मग संपूर्ण नावाचा फोटो घ्यावा म्हणून मागे मागे गेलो, ते थेट ओहोटीच्या ओल्या वाळूपर्यंत. तिथून मान वर केली आणि नाव एका ओळीत होते. होडीची बाजू जेवढी वळत होती, तेवढेच तुम्ही अक्षर उलट झुकवले होते. समोरून दुसऱ्या होडीतून येणाऱ्याला ते सरळ दिसावे म्हणून.

मी यशवंतदादांना तिथे बोलावून उभे केले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून नाव वाचले. मग म्हणाले, "सरळ हाय की वो. मी आपला कायम होडीतच. लांबून बघितलाच कधी?"

मी तरी कुठे पाहिले होते, रामोन?

स्टिकरचे काम रद्द केले. दुपारभर बसून सगळ्या अक्षरांचा ट्रेसिंग कागदावर छाप घेतला. यशवंतदादांनी कागदाची टोके धरली. हे पाहायला तुम्ही हवे होता, असे मी मोठ्याने म्हणालो. त्यांना ते वाऱ्यात ऐकू आले नसावे.

लेबलाचा कागद मी परत आणू शकत नाही. पण तुमच्या बहिणीला आज सकाळी ‘आहेत’ असे कळवले आहे आणि ते खोटे ठरू देणार नाही. दर वर्षी होडीला रंग देण्याआधी तो छाप घेऊन मी पूर्णगडला जाईन आणि अक्षरे त्यावरूनच पुन्हा रंगवून घेईन. दोन सूत खाली म्हणजे दोनच सूत खाली. वाकडेपणात केसाचाही फरक चालू देणार नाही. आणि रंग वाळला, की पट्टी खिशात ठेवून ओल्या वाळूपर्यंत मागे जाईन आणि तिथून पाहीन.

तुमचा,
पट्टीसाहेब